उपनगरातल्या एका महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीचा अनुभव

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका पदवी महाविद्यालयातील, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीकडे माझ्या भाचीने गेल्या शैक्षणिक वर्षात तक्रार केली आणि चौकशी संपेपर्यंत तिची मावशी म्हणून मी तिच्यासोबत होते. ही समिती म्हणजे महाविद्यालय कायद्याने देणे लागते अशी सेवा आहे, त्यामुळे ग्रंथालयाचे किंवा वसतिगृहाचे परीक्षण होते तसे तिचेही व्हायला हवे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचे कलम 16 तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करू देत नाही. म्हणून काय घडले, कोणी केले आणि समितीने कोणता निष्कर्ष काढला, हे मी लिहिणार नाही. लिहिणार आहे ते फक्त तिला मिळालेल्या वागणुकीबद्दल. भाचीने हा मजकूर वाचला आहे आणि तिच्या संमतीनेच तो देत आहे.

सुरुवात चांगल्या बाजूने करते, कारण ती खरोखर चांगली होती. समितीच्या अध्यक्ष मॅडमनी भाचीला तिच्या क्रमाने, तिच्या शब्दांत बोलू दिले. तू तिथे का गेलीस, आधीच का सांगितले नाहीस, असे प्रश्न कोणी विचारले नाहीत. जबाब मराठीत लिहून घेतला, तिला वाचायला दिला आणि तिने एका ठिकाणी ‘ढकलले’ हा शब्द खोडून ‘अडवले’ असा करायला सांगितल्यावर तो तिच्यासमोर बदलून, बाजूला तिची सही घेऊन पुढे गेले. समेटाची गोष्ट समितीने स्वतःहून काढली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार समेट फक्त तक्रारदाराच्या मागणीवरूनच होऊ शकतो आणि त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असल्याचे जाणवले. स्वयंसेवी संस्थेतून आलेल्या बाहेरच्या सदस्य ताई प्रत्येक बैठकीला हजर होत्या. विनियमांत विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीने यावेत असे म्हटले आहे. इथे ते महिला विकास कक्षातून नेमलेले होते, ही उणीव नोंदवून पुढे जाते.

खरी अडचण त्या खोलीच्या बाहेर सुरू झाली. तक्रार द्यायला गेल्यावर कार्यालयातील लिपिकाने सहा प्रती मागितल्या. त्या कायद्याखालच्या 2013 च्या नियमांत सहा प्रतींचा उल्लेख आहे, त्यामुळे त्यांनी मनाचे काही सांगितले नव्हते. पण त्या प्रती काढायच्या कुठे, तर महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, जिथे परीक्षेच्या दिवसांत अर्धे महाविद्यालय नोट्स काढायला रांगेत उभे असते. आपल्यावर काय गुदरले याचा कागद एक मुलगी त्या काउंटरवर उलटा ठेवते, दुकानदार तो सरळ करून काचेवर ठेवतो आणि मागचा मुलगा खांद्यावरून डोकावतो. मी तिला बाहेर थांबायला सांगून प्रती स्वतः काढून आणल्या. सोबत कोणी नसलेल्या मुलीने काय करायचे? कार्यालयात झेरॉक्सचे यंत्र होते आणि ते चालूही होते. त्यानंतर तो अर्ज आवक रजिस्टरमध्ये चढला आणि विषयाच्या रकान्यात तिच्या पूर्ण नावासह ‘लैंगिक छळाबाबत तक्रार’ असे लिहिले गेले. ते रजिस्टर खिडकीपाशी उघडे असते आणि बोनाफाइड घ्यायला आलेला कोणीही ते वाचू शकतो. अध्यक्ष मॅडमना सांगितल्यावर त्यांनी बंद पाकिटाची पद्धत त्याच आठवड्यात सुरू केली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र भाचीचे नाव तोवर लिहून झाले होते.

ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो विद्यार्थी तिच्याच प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये होता. विभागातून पहिला प्रस्ताव आला तो तिने बॅच बदलावी असा. विनियमांत चौकशीच्या काळात दोघांपैकी कोणालाही हलवण्याची मुभा आहे, म्हणून हा प्रस्ताव बेकायदा नव्हता, पण तक्रार करणाऱ्या मुलीनेच आपली जागा आणि आपल्या मैत्रिणी सोडायच्या हे मला पटले नाही आणि मी तसे लेखी दिले. समितीने त्या विद्यार्थ्याची बॅच बदलली आणि तिच्यापासून दूर राहण्याची लेखी ताकीदही त्याला दिली.

याहून अधिक मनाला लागले ते उपस्थितीचे प्रकरण. त्या आठवड्यांत भाची बऱ्याच तासांना बसू शकली नाही. काही दिवस जबाबात गेले, काही दिवस ती घराबाहेरच पडली नाही. सत्राच्या शेवटी 75 टक्के उपस्थिती नसलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट फलकावर लागली आणि त्यात तिचे नाव होते. पालकांना घेऊन येऊन हमीपत्र द्या, अशी सूचनाही खाली होती. विनियमांनी समितीच्या जबाबदाऱ्या सांगताना रजा, उपस्थितीच्या अटीत सवलत आणि गरज पडल्यास विभाग बदलून देणे हा दिलासा चौकशी सुरू असतानाच द्यायला सांगितला आहे. म्हणजे ती कोणाची मेहरबानी नाही. समितीला हे कलम माहीत होते, परीक्षा विभागाला माहीत नव्हते, आणि समितीने ते परीक्षा विभागाला कळवणे हे आपले काम मानले नव्हते. नव्वद दिवसांच्या मुदतीत चौकशी पूर्ण झाली की सेवा पार पडली, अशी या संस्थेची समजूत आहे. त्या नव्वद दिवसांत मुलीचे सत्र, तिची झोप, विरारच्या लोकलमधला तिचा प्रवास, हे सगळेही चालूच असते आणि ते सांभाळायला त्या व्यवस्थेत कोणी नेमलेले नाही. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे.

चौकशीच्या वेगाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात प्राध्यापकाच्या बडतर्फीचा निर्णय रद्द करून चौकशी आधीच्या टप्प्यापासून पुन्हा करायला सांगितली, कारण घाईने एकामागून एक बैठका घेऊन त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. अशा घाईची किंमत शेवटी तक्रारदारांनाच मोजावी लागते.

समुपदेशनाची सोय नावापुरती आहे. समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात आणि त्यांची केबिन स्टाफरूमला लागून आहे. आम्ही बाहेर मदत शोधली. महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेले, हिंसा सोसलेल्या महिलांना मदत करणारे ‘दिलासा’ केंद्र आता महापालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशनाची दूरध्वनी सेवाही आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात यापैकी एकाचेही नाव नाही. ‘समितीशी संपर्क साधा’ इथेच ते संपते. बलात्कारासारख्या घटनेत थेट रुग्णालयात जाता येते, तिथे उपचार विनामूल्य मिळणे हा हक्क आहे, गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा क्रमांक 103 आहे, आणि समितीकडे जाणे म्हणजे पोलिसांकडचा रस्ता बंद होणे नव्हे, एवढ्या चार ओळी त्यात सहज मावल्या असत्या. त्याच इमारतीत अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. तिथल्या अठरा वर्षांखालील मुलामुलींना पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा लागू होतो आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना द्यावीच लागते. माहितीपत्रकात त्याचाही उल्लेख नाही.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर चौकशीला मी चार देईन आणि आधाराला दीड. मुलीने तक्रार करावी का, असे कोणी विचारले तर याच समितीकडे जरूर करा असे मी सांगेन. फक्त पहिल्याच अर्जात उपस्थितीतील सवलत, बॅचबदल आणि बंद पाकीट या तिन्ही गोष्टी लेखी मागा आणि पोच घ्या.

चौकशीनंतर भाचीने आणि मी प्राचार्यांना पत्र दिले. प्रती कार्यालयातच काढून देण्याचे आणि माहितीपत्रक नव्याने छापण्याचे त्यांनी मान्य केले आहे. समितीकडे प्रकरण असलेल्या विद्यार्थ्यांची नावे डिफॉल्टर लिस्टमधून आधीच वगळावीत, ही मागणी परीक्षा विभागाच्या अभिप्रायासाठी गेली असून तो अजून आलेला नाही.