हट्टी डॅशहंड आणि क्लिकर : काही महिन्यांच्या वापरानंतर

दत्तक घेतलेल्या एका प्रौढ डॅशहंड कुत्रीला शिकवण्यासाठी मी गेले अनेक महिने क्लिकर, म्हणजे दाबला की 'क्लिक' असा आवाज करणारे हातात मावणारे साधन, वापरत आहे आणि आता त्याविषयी ठाम मत देता येईल असे वाटते. ज्या कामासाठी तो आहे त्या कामात तो उत्तम आहे. मात्र ते काम विक्रेते सांगतात त्यापेक्षा बरेच मर्यादित आहे. क्लिकर कुत्र्याला आज्ञाधारक बनवत नाही. नेमक्या कोणत्या क्षणाच्या कृतीबद्दल खाऊ मिळणार आहे एवढेच तो सांगतो आणि पुढचे सारे खाऊच्या दर्जावर आणि माणसाच्या हातावर अवलंबून राहते.

डॅशहंड ही जर्मनीत बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी विकसित झालेली जात आहे. जमिनीखालच्या बिळात शिरल्यावर मालकाचा आवाज पोहोचत नाही आणि समोरच्या जनावराशी कसे वागायचे हे कुत्र्यालाच ठरवावे लागते. अशा कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कुत्रीने 'ये' म्हटल्याबरोबर वळावे ही अपेक्षा मुळातच जास्त आहे. आमच्याकडची ही बाई नाक जमिनीला लागले की बहिरी होते, आणि घरात आल्यावर पहिले काही आठवडे तर ती नव्या जागेमुळे बुजलेलीही होती. त्यामुळे तिचा हट्ट कोणता आणि भीती कोणती हे वेगळे ओळखता येईपर्यंत मी शिकवण्याची घाई केली नाही.

क्लिकरमागचे तत्त्व जुने आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात प्राण्यांना शिकवताना अशा खुणेच्या आवाजाचा उपयोग केला आणि डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत कुत्रे पाळणाऱ्यांत रुजवली. आवाज झाला की खाऊ मिळतो, ही गाठ आधी पक्की करावी लागते, आणि ती फार लवकर पक्की होते. अडचण आली ती आवाजाची. धातूची पट्टी असलेला डबीसारखा क्लिकर इतका कर्कश वाजतो की ती दचकून मागे सरकायची. काही दिवस तो मोज्यात गुंडाळून वाजवला आणि नंतर बटणाचा, मऊ आवाजाचा क्लिकर घेतला. छोट्या आणि बुजऱ्या कुत्र्यांसाठी मी थेट दुसऱ्या प्रकाराचीच शिफारस करेन.

सर्वांत मोठा फायदा नखे कापताना झाला. डॅशहंडचे पाय आखूड, नखे बहुधा काळी, आत रक्तवाहिनी कुठपर्यंत आली आहे ते दिसत नाही, आणि आधीच्या आयुष्यात काय घडले होते कोण जाणे, पंजाला हात लावला की ही गुरगुरायची. इथे क्लिकरची नेमकी वेळ कामाला आली. आधी पंजाकडे हात नेला आणि ती शांत राहिली तर क्लिक, मग पंजाला स्पर्श, मग एक बोट धरणे, मग नेलकटर नुसते जमिनीवर ठेवणे, मग त्याचा आवाज दूरवर करणे, आणि कित्येक दिवसांनी एका नखाचे केवळ टोक. तिने पंजा मागे घेतला तर मी तो सोडून देत असे, कारण 'नको' म्हणण्याची मुभा आहे हे कळल्यावरच ती थांबू लागली. आता एका बैठकीत एका पायाची नखे होतात आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

याउलट शी-शूच्या सवयीसाठी क्लिकरचा उपयोग शून्य. योग्य जागी ती शू करत असताना क्लिक केले की ती अर्धवट सोडून खाऊसाठी धावत येते आणि उरलेली घरात होते. लहान जातीच्या कुत्र्यांचे मूत्राशयही लहान असते, त्यामुळे झोपेनंतर, जेवणानंतर आणि खेळानंतर न चुकता बाहेर नेणे, आटोपल्यावर तिथेच खाऊ देणे, आणि घरातली जागा अमोनियाविरहित, एन्झाइमयुक्त द्रवाने पुसणे यांनीच काम झाले. भुंकण्याच्या बाबतीत तर क्लिकर उलटण्याचा धोका असतो. गप्प झाल्याबरोबर क्लिक केले की 'आधी भुंक, मग गप्प हो, मग खाऊ घे' अशी पक्की साखळी कुत्रा स्वतःच तयार करतो. त्यापेक्षा घंटा वाजताच, पहिल्या भुंकण्याच्या आधीच क्लिक करून तिला तिच्या चटईवर पाठवणे सरस ठरले.

खाऊबद्दल काटेकोर राहावे लागते. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक खाऊतून जाऊ नयेत, असे पशुवैद्य सांगतात, आणि इतक्या लहान शरीरात ती मर्यादा चटकन ओलांडली जाते. या जातीत पाठीच्या मणक्यांमधील चकत्या लवकर झिजतात आणि वाढलेले वजन त्यात भर घालते. म्हणून घरातल्या सरावाला मी तिच्या रोजच्या जेवणातलेच दाणे वापरते आणि उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याहून लहान तुकडे फक्त बाहेरच्या, अवघड सरावासाठी राखते. त्याच कारणाने खाऊ उंच धरून तिला मागच्या पायांवर उभी करणे टाळावे. आपणच जमिनीवर बसावे, गुडघे दुखले तरी. फिरायला नेताना गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घातला, कारण ओढाताणीचा भार मानेवर पडत नाही. लांबी आपोआप कमी-जास्त होणारा दोर मात्र बाजूला ठेवला, कारण त्यात कायम ताण राहतो आणि ओढले की पुढे जाता येते हेच कुत्रा शिकतो.

'तिला मालक कोण ते दाखवा' असा सल्ला अनेकांनी दिला. त्यामागची कळपप्रमुखाची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की नैसर्गिक कळप हा प्रामुख्याने आईवडील आणि पिल्ले यांचे कुटुंब असतो. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली. गुरगुरणाऱ्या कुत्रीला दाबल्याने गुरगुरणे थांबेलही, पण मग चावण्याआधीची सूचना तेवढी नाहीशी होते.

मोकळ्या जागेत उंदराचा वास लागला की क्लिकर आजही हरतो, म्हणून लांब दोर सुटलेला नाही. घरात शिकलेल्या गोष्टींसाठी क्लिकर आता लागत नाही; शब्द पुरतो आणि खाऊ अधूनमधून मिळतो. नवे काही शिकवायचे असले तरच तो बाहेर निघतो. सध्या सोफ्यावरून उडी मारण्याऐवजी उताराच्या फळीवरून उतरण्याचा सराव चालू आहे. चढताना ती फळी वापरते, उतरताना अजून मी वाट अडवून बसले तरच.