जुन्या स्मशानाची वाट परत उघडली, माझ्याकडून साडेचार स्टार

गेल्या रविवारी आत्याला घेऊन बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या स्मशानात जाऊन आलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वीरगळाखाली (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) गुप्तधन असतंय म्हणून रात्री येऊन खणणारे लोक आहेत आणि तिथल्या पोरांनी तेवढी एकच विनंती केली होती. मनापासून जायचं असेल त्यांना त्या भागात विचारलं की सापडतंय.

गावातली आठ-दहा पोरं-पोरी महिन्यातनं एक रविवार तिथं साफसफाई करतात आणि येईल त्याला फिरवून दाखवतात, पैसे घेत नाहीत. खरं मला सगळ्यात मोठं वाटलं ते वाटेचं काम. जागा पहाणीत, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यात, स्मशान म्हणूनच आहे, पण जायची वाट उसातनं, आणि मधे कितीतरी वर्षं तिथं तारेचं कुंपण होतं. ही पोरं भांडायला गेली नाहीत, शेतकऱ्याच्या घरी चार वेळा जाऊन बसली, चहा घेतला, आणि शेवटी त्यानंच बांधाकडेची पट्टी सोडली. आता फाटकाला नुसती कडी आहे, गुरं शिरू नयेत म्हणून, कुलूप नाही. आमच्यात पुरतात, आत्याच्या आजोबांची समाधी तिथंच आहे आणि ती लग्नाआधी गेली होती तेवढीच. आता ती सत्तरीची. समाधीपाशी पोचल्यावर नुसती हात टेकून उभी राहिली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दगड तोच आहे की रे."

समाध्यांच्या मागं चार वीरगळ आणि एक सतीचा दगड आहे. वीरगळ कसा वाचायचा ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खालून वर वाचायचा, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि एकदम वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहणार. सतीचा दगड मात्र एवढा झिजलाय की मला नुसताच खांब दिसत होता. एका मुलीनं घरातला आरसा आणला होता, तिनं बाजूला उभं राहून ऊन तिरकं दगडावर पाडलं आणि सतीची खूण असतो तो कोपरात वाकवलेला हात वर आला, मनगटातल्या बांगड्या एकेक मोजता येतील एवढ्या स्पष्ट. आत्यानं तिथंच हात जोडले.

धुवायची पद्धत पण शिकण्यासारखी. नुसतं पाणी, मऊ ब्रश, शेवाळ काढायला बांबूची काडी. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. चौथऱ्याच्या फटीत सिमेंट न भरता चुना भरलाय, कारण सिमेंट दगडापेक्षा कडक होतं, आतली ओल बाहेर पडत नाही आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात. झाडाची मुळं ओढून काढत नाहीत, कापून जाग्यावर वाळू देतात, ओढली की चौथराच उकलतोय. हे वाचून कुणाला बारीकसारीक वाटेल, पण आमच्या गावात देवळापुढच्या वीरगळाला भक्तीनं चंदेरी ऑइल पेंट फासलाय आणि आता त्यातला घोडा कुठला नि माणूस कुठला कळत नाही. वाईट वाटतं हो, करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

परत येताना नंदगडला थांबलो. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला तिथं फाशी दिली, समाधीवरचा वड त्याच्याच एका साथीदारानं लावला असं सांगतात, आणि मूल व्हावं म्हणून लोक त्या वडाला पाळणे बांधतात. तिकडं बैलहोंगलला राणी चन्नम्माची समाधी. आणि 1824 ला कित्तूरच्या लढाईत पडलेला इंग्रज कलेक्टर थॅकरे, त्याचं स्मारक पण धारवाडात अजून उभं आहे. मोठ्या नावांच्या जागा राहतात, कारण माणसं तिथं सारखी जात राहतात. आत्याच्या आजोबांसाठी कोण जाणार, वाटच बंद असली तर? म्हणून मला ह्या पोरांचं काम त्या तोडीचं वाटतं.

अर्धा स्टार का कापला ते पण सांगतो. कुठल्या समाधीत कोण ते लिहिलेली वही अजून नाही आणि ते सांगणारा एकच अज्जा गावात उरलाय, तो ऐंशीच्या पुढं. मी पोरांना म्हटलं बाकी सगळं राहू दे, ह्याच महिन्यात अज्जाला खुर्चीवर बसवून आत न्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, कन्नडमधनं सांगितलं तरी चालेल, मराठीत आपण उतरवू. एक पोरगा लगेच हो म्हणाला, मी पण जाणार आहे. बसायला सावलीत एखादा बाक पण पाहिजे, म्हातारी माणसंच जास्त येतात.

जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा, बांधावर चिखल फार होतो. नारळ फोडायचा असेल तर समाधीवर नको, फाटकापाशी त्यासाठी वेगळा दगड ठेवलाय. आणि येताना कडी लावून या.