पुण्याचे साथरोगविरोधी क्लस्टर : माल खणखणीत, पोहोच लंगडी

डॉ. आंबेडकर रस्त्यावर आणि पाषाणला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही), विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस), पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) व्हेंचर सेंटर, हडपसर-मांजरीत सीरम इन्स्टिट्यूट, हिंजवडीत जिनोव्हा आणि यांच्या जोडीला मायलॅबसारख्या चाचणी-किट बनवणाऱ्या कंपन्या, असा हा पुण्यातील साथरोगांशी लढणाऱ्या संस्था-कंपन्यांचा पसारा, म्हणजेच क्लस्टर, आहे. बातम्यांमधून ही नावे सुटी सुटी कानावर पडतात. या लेखात मात्र त्या सर्वांकडे एकच सेवा म्हणून पाहिले आहे आणि साथ आली असता ती सेवा आजारी माणसाच्या किती उपयोगी पडते, एवढ्याच निकषावर तिला तपासले आहे.

हे क्लस्टर कोणी आराखडा काढून वसवलेले नाही. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने 1952 मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर निघाले, तेच पुढे एनआयव्ही झाले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन देशी पेनिसिलिनचा मार्ग मोकळा झाला (त्या कारखान्याची पुढे झालेली परवड हा वेगळ्या लेखाचा विषय आहे). घोड्यांच्या रक्तजलापासून धनुर्वातावरची प्रतिविषे तयार होत असल्याने अश्वपालनात मुरलेल्या पूनावाला कुटुंबाने 1966 मध्ये सीरमची सुरुवात केली. या मंडळींना औपचारिकपणे एका मांडवाखाली आणू पाहणारे पुणे नॉलेज क्लस्टर स्थापन व्हायला मात्र 2020 साल उजाडावे लागले.

जवळ असण्याचा फायदा काय, हे मार्च 2020 मध्ये सर्वांत स्वच्छ दिसले. मायलॅबने करोनाचे पहिले देशी आरटी-पीसीआर किट सुमारे सहा आठवड्यांत तयार केले आणि त्याची पडताळणी करणारी एनआयव्ही याच शहरात होती. परदेशी किटला सहा-सात तास लागत असताना आपले किट अडीच तासांत निदान करते, असा कंपनीचा दावा होता. त्या दिवसांत विमाने जमिनीवर होती आणि आयात किटांची वाट पाहत प्रयोगशाळा ताटकळत होत्या, हे आठवले म्हणजे या कामगिरीचे मोल कळते.

त्याच कंपनीचे ‘कोव्हिसेल्फ’ हे घरी वापरायचे किट मे 2021 मध्ये मंजूर झाले, किंमत 250 रुपये. क्लस्टरचा जो माल सामान्य ग्राहकाच्या थेट हातात पडला त्याचा हा नमुना असल्याने तो जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. पाकिटात आधीच द्रव भरलेली नळी, नाकात घालायची निर्जंतुक काडी, चाचणीची पट्टी आणि वापरलेले सामान टाकायची पिशवी, एवढेच साहित्य असते. काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर आत घालून प्रत्येकीत पाच वेळा फिरवायची, नळीत घुसळायची, दोन थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. ‘सी’पाशी एकच रेघ उमटली तर निगेटिव्ह, ‘टी’पाशीही उमटली तर पॉझिटिव्ह. वीस मिनिटांनंतर दिसलेली रेघ धरायची नाही, ही सूचना मात्र घाईत सहज नजरेतून सुटते. रचना इतकी सोपी आहे की शाळकरी मुलालाही ती जमावी. उणीव अँटिजेन चाचणीच्या (म्हणजे विषाणूचे प्रथिन शोधणाऱ्या चाचणीच्या) स्वभावातच आहे: शरीरात विषाणू कमी असेल तर ती चुकते, म्हणून लक्षणे असूनही निगेटिव्ह आलेल्याला पुन्हा आरटी-पीसीआरच्या रांगेत उभे राहावे लागत असे. निकाल मोबाइल ॲपवर नोंदवण्याची अट कागदावर योग्यच होती, पण घरच्या घरी झालेली चाचणी किती जण इमानेइतबारे नोंदवतील, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

लशींच्या बाबतीत क्लस्टरला उत्पादनाचे पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी सीरमने बनवलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ 2010 मध्ये बुर्किना फासोपासून टोचली जाऊ लागली, तेव्हा एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी होती. हिवतापावरील ‘आर-21’ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये केली आणि तिचेही उत्पादन पुण्यातच होते. परवडणारी लस प्रचंड संख्येने बनवण्यात या गावाचा हात धरणारे जगात फार थोडे आहेत. संशोधनाचे श्रेय वाटू लागलो की मात्र चित्र पालटते. कोव्हिशील्ड आणि आर-21 या दोन्ही लशी ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतून आल्या. उलट एनआयव्हीने वेगळा केलेला विषाणू हैदराबादला गेला आणि त्यापासून तिथे कोव्हॅक्सिन तयार झाली. म्हणजे पुण्याच्या विषाणूची लस हैदराबादेत आणि ऑक्सफर्डची लस हडपसरला! व्यवहारात यात वावगे काही नाही, परंतु शोध आणि कारखाना यांची गाठ गावातल्या गावात पडत नसेल, तर क्लस्टर म्हणवून घेण्यातला निम्मा अर्थ निघून जातो.

याला अपवाद जिनोव्हाचा. हिंजवडीच्या या कंपनीने देशातली पहिली एमआरएनए लस (विषाणूचे प्रथिन बनवण्याची सूचना पेशींना देणारी) करोनावर बनवली आणि ती दोन ते आठ अंश सेल्सिअसला, म्हणजे साध्या लस-फ्रिजमध्ये टिकेल अशी केली. सुरुवातीच्या परदेशी एमआरएनए लशींना उणे तापमानाची शीतसाखळी लागत होती. तालुक्याच्या आरोग्य केंद्राचा विचार करता हा फरक फार मोठा आहे. दुर्दैव असे की तिला आणीबाणीतील वापराची परवानगी जून 2022 मध्ये आणि ओमायक्रॉनसाठीच्या सुईविरहित बूस्टरला जून 2023 मध्ये मिळाली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. तंत्र हाती राहिले, ही मात्र खरी कमाई आहे.

उशिराचा काही दोष क्लस्टरच्या बाहेरचा आहे. लशीची प्रत्येक खेप बाजारात जाण्यापूर्वी हिमाचलातील कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून तपासून यावी लागे. 2021 मध्ये एनसीसीएसला करोना लशींच्या तपासणीचा तसाच दर्जा देण्यात आला आणि हडपसरहून निघालेल्या कुप्यांची तपासणी शहरातच होण्याची सोय झाली. असे छोटे प्रशासकीय निर्णय नव्या इमारतींपेक्षा अधिक कामाचे असतात. नव्या कंपन्यांना भाड्याने प्रयोगशाळा आणि महागडी उपकरणे पुरवणारे व्हेंचर सेंटरही याच कारणाने मला मोलाचे वाटते. (हिंजवडी ते हडपसर हा प्रवास गर्दीच्या वेळी करावा लागणाऱ्या संशोधकांना ‘जवळीक’ या गुणाबद्दल वेगळे मत असू शकेल.)

आता पुणेकराला काय मिळते ते पाहू. 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठ, आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि महापालिका यांनी मिळून पाच प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. 1664 नमुन्यांपैकी 51.5 टक्क्यांत प्रतिपिंडे आढळली, म्हणजे नोंदीतल्या रुग्णांपेक्षा संसर्ग कितीतरी पुढे गेला होता. शहराने स्वतःला असे आरशात पाहणे ही उत्तम सेवा होती. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, पुण्यालगतचे नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हाही एनआयव्हीच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय व नोरोव्हायरस हे दूषित पाण्यातून पसरणारे जंतू लवकरच सापडले. निदान चोख होते, पण दूषित पाण्यावर किट हा उपाय नव्हे. तिथे जलवाहिन्या आणि क्लोरिन लागते आणि ते कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. जून 2024 मध्ये एरंडवण्यात झिका सापडला, तेव्हाही निदान शहरातच झाले आणि डासांचे मूळ शहराच्याच साठलेल्या पाण्यात होते.

डेंग्यूचा अनुभव सर्वांत बोलका आहे. एनआयव्हीची आयजीएम एलायझा किट (रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे शोधणारी) देशभरच्या सरकारी निरीक्षण रुग्णालयांना पुरवली जातात आणि त्यांचा दर्जा वादातीत आहे. तरीही आमच्या घरी ताप आला असता एका खासगी प्रयोगशाळेने दुसऱ्याच दिवशी फक्त आयजीएम तपासून ‘निगेटिव्ह’ असा अहवाल दिला, आणि आम्ही निर्धास्त झालो. आयजीएम प्रतिपिंडे रक्तात दिसायला साधारण पाच दिवस लागतात; त्याआधी एनएस-1 अँटिजेन, म्हणजे विषाणूचेच प्रथिन, पाहावे लागते, हे काउंटरवर कोणी सांगितले नाही. त्यामुळे या शहरात डेंग्यूची तपासणी करून घेणाऱ्याने तापाचा कितवा दिवस आहे ते प्रयोगशाळेला आधी सांगावे, पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आवर्जून मागावी, आणि अहवालावर नमुना घेतल्याची तारीख व वापरलेल्या चाचणीचे नाव नसेल तर ते लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.