मुलांना धुणे शिकवण्यासाठी दोन टबांचे वॉशिंग मशीन: एक परीक्षण

मुलांनी आपले कपडे आपणच धुवायचे असे घरात ठरले की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या मशीनवर शिकवायचे हा. आमच्याकडचे जुने पूर्ण स्वयंचलित मशीन बदलण्याची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम दोन टबांचे, सात किलो क्षमतेचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन घेतले, आणि ते घेताना माझ्या डोळ्यांसमोर दहा वर्षांची मुलगी व तेरा वर्षांचा मुलगा होता. त्यामुळे हे परीक्षण एकाच प्रश्नाभोवती आहे: या मशीनवर मूल धुणे शिकते का? माझा अनुभव असा की शिकते, आणि स्वयंचलित मशीनपेक्षा कितीतरी चांगले शिकते. मात्र त्यासाठी मोठ्या माणसाला सुरुवातीचे बरेच दिवस जवळ उभे राहावे लागते, आणि मशीनच्या रचनेत दोन-तीन त्रुटीही आहेत. त्या पुढे सविस्तर सांगते.

या मशीनची रचना साधी आहे. डाव्या बाजूला धुण्याचा टब, उजव्या बाजूला पिळण्याचा छोटा टब, आणि वरच्या पट्टीवर धुण्याचा टायमर, पिळण्याचा टायमर, कपड्यांच्या प्रकाराचा नॉब व पाणी सोडण्याचा नॉब. धुण्याच्या टबाच्या तळाशी असलेली चकती एका दिशेने फिरते, क्षणभर थांबते आणि उलट दिशेने फिरू लागते. झाकण पारदर्शक असल्यामुळे हे सगळे वरून दिसते. चकती उलटसुलट का फिरते, हा प्रश्न माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारला, आणि एकाच दिशेने फिरत राहिली तर कपड्यांचा पीळ बसेल हे उत्तर शर्टाच्या बाह्या एकमेकींत गुंतताना आणि पुन्हा सुटताना पाहून तिला स्वतःलाच सापडले. स्वयंचलित मशीनही हेच करते, पण तिथे मुलाचा संबंध बटणापुरता असतो आणि मधल्या पाऊण-एक तासात काय घडले ते त्याला कळत नाही.

इथे प्रत्येक टप्प्यावर मुलाला काहीतरी ठरवावे लागते. पाणी किती घ्यायचे, किती मिनिटे फिरवायचे, पाणी आता सोडायचे की त्यातच पुढचे कपडे टाकायचे, किती वेळा खळबळायचे, हे मशीन ठरवत नाही. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे व फिके, मग रंगीत आणि शेवटी गडद व फार मळलेले कपडे धुता येतात, ही या प्रकारच्या मशीनची मोठी सोय आहे. त्यात पाणी आणि पावडर तर वाचतेच, शिवाय कपड्यांची वर्गवारी का करायची हेही मुलाला आपोआप उमगते. गडद कपडे आधी टाकले तर त्या गढूळ पाण्यात पांढरा शर्ट टाकावा लागेल, एवढे मुलाला पुरते. नव्या गडद कपड्याचा रंग जातो का हे पाहण्यासाठी त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून धरण्याची सवय दोघांनाही लागली आहे.

माझ्या मते या मशीनचा सर्वांत मोठा गुण म्हणजे खळबळण्याचे काम ते मुलाच्या हाती ठेवते. पावडर जास्त झाली की काय होते, हे सांगून कळत नाही. मुलांना फेस आवडतो, आणि जितका फेस जास्त तितके कपडे स्वच्छ असे त्यांना मनापासून वाटते. वास्तविक मळ काढण्याचे काम पावडरीतल्या रेणूंचे असते. त्यांचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलकट मळाला, आणि त्या ओढीत मळ कापडापासून सुटून पाण्यात येतो. फेस किती झाला यावर ते अवलंबून नाही. जास्तीची पावडर धाग्यांत अडकून राहते, कपडा वाळल्यावर कडक लागतो आणि काही मुलांच्या अंगाला खाजही सुटते. हे सगळे मी आधी सांगून पाहिले होते. प्रत्यक्षात मुलाने एकदा भरमसाट पावडर घातली आणि दोनदा पाणी बदलूनही टबात फेस राहिला, तेव्हा तिसऱ्यांदा पाणी भरताना त्याने आपण होऊन मोजायचा चमचा उचलून त्यावरची रेघ पाहिली. त्यानंतर तो तळहातावर पाणी घेऊन पाहतो, बोटे एकमेकांवर घासतो आणि बुळबुळ लागली नाही तरच पाणी सोडतो. हे परीक्षण लिहिण्याचे खरे कारण म्हणाल तर तळहातावरचे ते पाणी.

पाणी जड असेल तर हे गणित थोडे बदलते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढुरका साका तयार करतात, त्यामुळे पावडर थोडी जास्त लागते आणि निव्वळ साबणाची वडी फारशी चालत नाही. आपल्या घरचे पाणी कसे आहे ते पाहून प्रमाण एकदा मोठ्यांनी ठरवावे आणि चमच्यावर न पुसणाऱ्या शाईने खूण करून द्यावी.

पिळण्याच्या टबाबद्दल मात्र सावधपणे लिहायला हवे. तो मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतो आणि मशीनमधला हाच भाग खरा धोक्याचा आहे. झाकण उघडताच मोटर बंद पडून ब्रेक लागतो, ही सोय आमच्या मशीनमध्ये आहे आणि ती नीट चालते. तरीही झाकण उघडल्यापासून टब पूर्ण थांबेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि मुलाचा हात आत जातो तो नेमका त्याच वेळी. आमच्याकडे नियम असा आहे की टबाच्या भिंतीची भोके एक-एक करून स्पष्ट दिसेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे ठेवायचे. मशीन घेताना दुकानातच पिळण्याचा टब चालू करायला लावावा, झाकण उघडून तो किती लवकर थांबतो ते पाहावे, आणि रेंगाळला तर ते मशीन घेऊ नये. जुने मशीन वापरत असाल तर ब्रेकची तपासणी केल्याशिवाय त्यावर मुलांना शिकवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

असे असले तरी पिळण्याच्या टबातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ओली जीन्स एका बाजूला आणि दोन बनियन दुसऱ्या बाजूला टाकले की टब धडधडू लागतो आणि सगळे मशीन जागचे हलते. मग थांबवायचे, टब स्थिर होऊ द्यायचा, कपडे सोडवून कडेने सारखे लावायचे, वर प्लास्टिकची आतली झडप दाबून बसवायची आणि पुन्हा सुरू करायचे. वजन सगळीकडे सारखे का हवे, हे मुलीला आता आवाजावरून कळते. हा टब धुण्याच्या टबापेक्षा लहान असल्याने धुतलेले सगळे कपडे एका वेळी त्यात मावत नाहीत, म्हणून वेळ जास्त लागतो. मोठ्यांना ती अडचण वाटेल, मुलांना वाटत नाही.

आता त्रुटी. पहिली आणि सर्वांत त्रासदायक त्रुटी पाणी सोडण्याच्या नॉबची आहे. त्यावर ‘धुणे’ आणि ‘निचरा’ अशा दोनच जागा असल्या तरी खुणा इतक्या बारीक व फिकट आहेत की मुलांना नॉब कुठे आहे ते चटकन दिसत नाही. निचऱ्यावर राहिलेल्या नॉबमुळे नळ चालू असूनही टब भरत नाही आणि पाणी वाहून जाते. आम्ही धुण्याच्या जागी हिरवी आणि निचऱ्याच्या जागी लाल चिकटपट्टी लावली आणि प्रश्न मिटला, पण हे काम कारखान्यातच व्हायला हवे होते. दुसरी त्रुटी अशी की नळ आपोआप बंद होत नाही, त्यामुळे पाणी खुणेपर्यंत येईस्तोवर मुलाला तिथेच थांबावे लागते. मला स्वतःला हे थांबणे गैर वाटत नाही, कारण तेवढ्या वेळात खिसे तपासून होतात, मोजे सुलटे करून होतात आणि कॉलरच्या मळक्या पट्टीला साबण लावून होतो. तिसरी गोष्ट विजेची. ओल्या हातांनी प्लग आणि स्विच हाताळायचे नाहीत, एवढे सांगून भागत नाही. आमच्याकडे प्लग लावणे-काढणे हे काम अजूनही मोठ्यांचेच आहे, मुले फक्त टायमर फिरवतात. जोडणीला अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी आणि निचऱ्याची नळी अशी बसवावी की मूल उभे राहते तिथे पाणी साचणार नाही.

मशीनसोबत आलेले माहितीपत्रक मुलांच्या उपयोगाचे नाही. त्यातली चित्रे लहान आहेत, आणि सात किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचे वजन हे एका ओळीत सांगून टाकले आहे. सात किलो म्हणजे नेमके किती, हे कुणालाच डोळ्यांनी कळत नाही. वजनकाट्यावर एक टी-शर्ट, एक जीन्स आणि अंग पुसायचा एक टॉवेल ठेवून पाहिला तर मुलांना मोठी गंमत वाटते. टी-शर्ट साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम भरतो, तर जीन्स त्याच्या तिप्पट-चौपट. त्यानंतर टब ठासून भरायचा नाही, कपड्यांना हलायला जागा हवी, हे पुन्हा सांगावे लागले नाही.

कपड्याच्या आतल्या शिवणीतली चिठ्ठी वाचणे हा शिकवणीचा वेगळा भाग आहे आणि तो कोणत्याही मशीनला लागू पडतो. टबाचे चित्र धुण्यासाठी, त्रिकोण ब्लीचसाठी, चौकोन वाळवण्यासाठी, इस्त्रीचे चित्र इस्त्रीसाठी आणि वर्तुळ दुकानात देऊन करायच्या धुलाईसाठी. टबातला आकडा म्हणजे पाण्याचे जास्तीत जास्त तापमान, आत हाताचे चित्र असेल तर हातानेच धुवायचे, आणि चित्रावर फुली असेल तर ते करायचेच नाही. आमच्या मशीनमध्ये पाणी तापवण्याची सोय नाही, त्यामुळे तापमानाचा प्रश्न क्वचितच येतो. मुलांच्या बाबतीत हा मला फायदाच वाटतो, कारण गार पाण्याने लोकर आटण्याची किंवा रंग जाण्याची भीती कमी होते, आणि खरचटलेल्या गुडघ्याचे रक्त पँटला लागले असेल तर गार पाणीच हवे असते. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने घट्ट होऊन धाग्याला चिकटून बसतात. त्याउलट तेलकट डागासाठी कोमट पाणी बादलीत घेऊन कपडा आधी भिजत घालावा लागतो. पावडरीत एन्झाइम असतील तर घाम, दूध, रक्त यांच्या डागांवर ती चांगली चालते, पण त्यांना वेळ द्यावा लागतो, म्हणून अर्धा तास भिजवणे हे वायफळ काम नाही. हे कारण कळल्यापासून मुलगा भिजवण्याचा कंटाळा करत नाही.

धुण्याच्या द्रव्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे. शिकताना साधी पावडर किंवा मोजायच्या टोपणाचे लिक्विड वापरावे. एका धुण्यापुरते लिक्विड भरलेल्या रंगीत कॅप्सूल मी घरात आणत नाही. त्यांचे आवरण ओल्या हातात विरघळते, आतला द्रव तीव्र असल्याने डोळ्यात उडाल्यास गंभीर इजा होते, आणि घरात लहान भावंड असेल तर त्याला ती गोळी खाऊ वाटू शकते. शिवाय मापाचा धडा त्यात बुडतो तो वेगळाच. ब्लीच मुलांच्या हाती देऊच नये. ब्लीचमध्ये व्हिनेगर, अमोनिया किंवा संडास साफ करायचे आम्लयुक्त द्रव्य मिसळले गेले तर विषारी वायू तयार होतो, हे मात्र मुलांना कारणासह सांगून ठेवावे.

हे मशीन कुणी घेऊ नये तेही सांगायला हवे. मूल आठ-नऊ वर्षांपेक्षा लहान असेल तर टबाची उंची अडचणीची ठरते. तळाशी गेलेला मोजा काढायला मूल स्टुलावर चढून वाकते, आणि ते धोक्याचे आहे. त्या वयात समोरून दार उघडणारे मशीन हाताशी येते. कपडे आत टाकणे व काढणे एवढे काम मूल आनंदाने करते, मात्र मूल आत शिरू नये म्हणून वापर नसताना मशीनचे दार नीट बंद ठेवावे आणि चाइल्ड लॉकवर विसंबू नये, कारण ते सहसा बटणांपुरतेच असते. आईवडील दोघेही कामाच्या वेळा सांभाळत धावपळ करत असतील आणि धुण्याशेजारी कुणालाच उभे राहता येणार नसेल, तर पूर्ण स्वयंचलित मशीनच बरे. वरून उघडणाऱ्या स्वयंचलित मशीनवर मधेच झाकण उघडून आत काय चालले आहे ते बहुधा दाखवता येते, आणि तेवढाही उपयोग कमी नाही.

कपडे धुण्याच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलर हाताने घासून टाकल्या तर स्वच्छ निघतात, न घासता टाकल्या तर मळाची रेघ राहते. देखभालही मुलांना जमण्यासारखी आहे: टबातली लिंटची जाळी दर धुण्यानंतर काढून उलटी करायची, नळाखाली धरायची, आणि दोन्ही झाकणे टब कोरडे होईपर्यंत उघडी ठेवायची, नाहीतर कुबट वास धरतो. जाळीत अडकलेला धाग्यांचा गोळा कोणत्या कपड्याचा, हे मुलगी रंगावरून ओळखते, आणि तो टॉवेलचा निघाला तर पुढच्या वेळी टॉवेल वेगळे धुते.