क्योटोसारखं सक्तीचं टार्गेट की पॅरिससारखं ज्याचं त्याने ठरवलेलं? निवेदनात काय मागायचं ते ठरवताना

पुण्यात टेकड्या, नदी, झाडं यावर काम करणाऱ्या ग्रुप्समध्ये हवामान बदलावर सरकारला निवेदन द्यायचं निघालं की वाद एकाच जागी अडतो. काही जण म्हणतात उत्सर्जन (हवेत सोडले जाणारे कार्बन डायऑक्साइडसारखे तापवणारे वायू) कमी करायला सगळ्या देशांना कायद्याने बांधा आणि टार्गेट चुकलं की दंड लावा, बाकीचे म्हणतात ज्याची जशी ऐपत तसं त्याला ठरवू द्या. दोन्ही प्रकार जगात करून झालेत, त्यामुळे आधी काय घडलं ते बघा आणि मग ठरवा.

सक्तीचा प्रयोग म्हणजे क्योटो करार. १९९७ ला झाला, लागू व्हायला २००५ उजाडलं. श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९० पेक्षा सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास कमी करायचं असं ठरलं, आणि प्रत्येकाला वेगळा आकडा होता, युरोपला ८ टक्के कपात, जपानला ६, ऑस्ट्रेलियाला तर उलट ८ टक्के वाढवायची मुभा. याची खरी ताकद हिशोबात होती. सहा प्रकारचे वायू, बहुतेकांना १९९० हेच बेस इयर (तुलनेचं वर्ष), मोजायची एकच पद्धत, कोण किती मागे आहे ते कुणालाही दिसायचं. दंडसुद्धा होता, जेवढं कमी पडलं ते पुढच्या टप्प्यातून कापायचं आणि वर ३० टक्के जास्त. पण अमेरिकेने करार मंजूरच केला नाही आणि कॅनडाने आपलं टार्गेट हुकणार हे दिसल्यावर २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, मग दंड वसूल कुणाकडून करणार? शिवाय भारत-चीनला टार्गेट नव्हतंच आणि करार चालू असतानाच चीन जगात सगळ्यात जास्त कार्बन सोडणारा देश झाला. म्हणून "दंड लावा" एवढंच लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की दाराला कुलूप नसेल तर दंडाची पावती फाडून उपयोग नाही.

पॅरिस करार २०१५ चा. इथे प्रत्येक देश आपलं टार्गेट स्वतः लिहून देतो, दर ५ वर्षांनी नवीन, आणि ते आधीपेक्षा वरचढ असावं अशी अपेक्षा. टार्गेट गाठायची सक्ती नाही, पण ते सादर करायची आणि रिपोर्ट द्यायची आहे. फायदा हा की जवळपास सगळं जग आत आलं. तोटा हा की सगळ्यांची वचनं जोडली तरी तापमानवाढ करारात ठरलेल्या दीड अंशाच्या मर्यादेत राहत नाही, आणि अमेरिका इथूनही एकदा बाहेर, मग आत, मग परत बाहेर असं करून बसलीय. म्हणजे ज्याला जायचं तो दोन्हीकडून जातो, फरक एवढाच की पॅरिसमध्ये उरलेले हलले नाहीत. माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे.

आता जो मुद्दा चर्चेत हमखास निसटतो तो, टार्गेट कशाचं? भारताने २०२२ मध्ये दिलेलं टार्गेट आहे की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ४५ टक्के कमी करू. ऐकायला निम्म्याच्या जवळ वाटतं. पण कागद घ्या, २००५ ला अर्थव्यवस्था १०० आणि उत्सर्जन पण १०० धरा, समजा अर्थव्यवस्था चौपट झाली तर ४०० गुणिले ०.५५, म्हणजे उत्सर्जन २२०. टार्गेट पूर्ण आणि धूर दुपटीपेक्षा जास्त! यात फसवणूक नाही, भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण २ टन आणि अमेरिकेत १४ च्या आसपास, त्यामुळे आज आपल्याला थेट कपात लावणं अन्यायच होईल आणि मी त्याच्या बाजूने सही करणार नाही. पण मग उत्सर्जनाचं शिखर, म्हणजे ज्यानंतर ते उतरायला लागेल ते वर्ष, कुठलं ते तरी सांगा. चीनने २०३० च्या आधी असं सांगितलंय. आपण २०७० चं नेट झिरो (जेवढं सोडू तेवढं शोषूनही घेऊ) सांगितलंय, मधली शिडी मात्र दिसत नाही.

बेस इयरकडे पण बघत जा. युरोप १९९० धरतो, त्यानंतर पूर्व जर्मनीतले जुने कारखाने बंद पडले आणि ती घट आयती मिळाली. अमेरिका २००५ धरत होती, तिथलं उत्सर्जन तेव्हा शिखराजवळ होतं. टक्के शेजारी ठेवून तुलना करायची तर आधी वर्ष एक करून घ्या.

तिसरा रस्ता कुणी फारसा बोलत नाही, एकेक वायू धरायचा. मॉन्ट्रिअल प्रोटोकॉल म्हणजे ओझोनचा थर वाचवायचा करार, त्यातली २०१६ ची किगाली दुरुस्ती तशी आहे, ती एसी-फ्रीजमधल्या गॅसची. एसीवाला गॅस भरायला येतो तेव्हा सिलिंडरवर बघा, आर-४१०ए असेल तर तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २००० पट तापवतो, आर-३२ असेल तर ६७५ पट. अशा गॅसचा वापर भारताने २०२८ ला गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. श्रीमंत देशांना हेच २०३६ पर्यंत करायचंय, म्हणजे न्यायही आहे आणि आकडाही आहे, आणि मूळ प्रोटोकॉलमध्ये बाहेर राहणाऱ्या देशांशी व्यापारावर बंधनं आणि गरीब देशांना फंड, दोन्ही आहे. कोळशाला हे सरळ लावता येत नाही, गॅस बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, कोळसा मात्र सगळीकडे वापरला जातो. पण स्टील, सिमेंटला लावता येईल.

मला विचाराल तर निवेदनात चौकट पॅरिसची राहू द्या, हिशोब क्योटोचा मागा, म्हणजे एकूण टनांमधला आकडा आणि शिखराचं वर्ष, आणि स्टील-सिमेंटसाठी किगालीसारखा वेगळा करार. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांच्या सह्या हव्या असतील तर स्टीलचा मुद्दा पहिल्या पानावर घ्या, कारण युरोपने जानेवारी २०२६ पासून आयात स्टीलवर कार्बन शुल्क लागू केलंय आणि त्यात नट-बोल्टसुद्धा येतात, त्यांना हा विषय समजावून सांगायला लागणार नाही.