इव्हॅपो-रस्ट: पन्नास वर्षांची डॅटसन, तिचा गंज आणि माझी निळी बादली

इव्हॅपो-रस्ट हे गंज काढायचं औषध, वस्तू त्यात बुडवून ठेवायची. आधी गाडी सांगतो म्हणजे त्याचा हा रिव्ह्यू कशाच्या जोरावर लिहितोय ते कळेल. १९७५ ची डॅटसन २८०झेड. राहतो सॅक्रामेंटोजवळ, गॅरेजमधली एक जागा दीड वर्षापासून तिची आहे. आपल्याकडे डॅटसन म्हटलं की ती छोटी गो आठवते, २०१४ ला आली आणि २०२२ ला ब्रँडच बंद झाला, त्यामुळे सांगलीला फोनवर सांगितलं तेव्हा बाबांना वाटलं मी तीच घेतली. पण हिचं घराणं वेगळं आहे, निसानची एस-३०, जपानमध्ये फेअरलेडी झेड, अमेरिकेत १९७० च्या मॉडेलपासून २४०झेड, मग २६०, आणि १९७५ ला २८०. एका ओळीत सहा सिलिंडर, २७५३ सीसी, कार्ब्युरेटरच्या जागी बॉशच्या पद्धतीचं फ्युएल इंजेक्शन. लांब बॉनेट आणि मागे उतरत गेलेलं छप्पर, कितीही वेळ बघितली तरी मन भरत नाही.

७५ चीच का घेतली तेही सांगतो, कारण इथे कोणी घेणार असेल तर उपयोग होईल. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी, आपल्या पीयूसीसारखी) माफ आहे, ७६ पासून पुढच्यांना द्यावी लागते. २८०झेड ७८ पर्यंत आली, दिसायला सगळ्या जवळपास सारख्याच, पण नवशिक्याने घरी बसून काम करायचं तर हे एक वर्ष फार मोठा फरक करतं.

मी स्वतः नवशिकाच. हाताने केलेलं आधीचं काम म्हणजे कॉलेजात असताना स्प्लेंडरचा प्लग साफ करणं आणि चेन टाइट करणं, बस. गाडी आधीच्या मालकाकडे बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. या गाड्यांचा शत्रू एकच, गंज. बॅटरीखालचा ट्रे, फ्लोअरचा पत्रा, त्याखालचे लांब फ्रेम रेल, दाराखालचे रॉकर, मागच्या चाकापुढचा कोपरा, ठरलेल्या जागा आहेत. विकत घ्यायला जाल तेव्हा टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपा आणि रेल टोचून बघा. माझ्या गाडीचा उजवा रेल एका जागी आत गेला, बाकी पत्रा शाबूत होता. तो रेल वेल्डिंगवाल्याकडून कापून नवीन बसवून घेतला. हे आधीच सांगतोय कारण कुठलंही औषध भोक बुजवत नाही, आणि इव्हॅपो-रस्टकडून तशी अपेक्षा ठेवून घेऊ नका.

आता औषधाकडे येतो. सुरुवातीला मी सगळं खरडत होतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ड्रिलला लावायची ती तारेची चकती. दोन शनिवार घालवून बॉनेटच्या बिजागऱ्या घासल्या, वरून चकचकीत, पण घडीच्या आत, पिनेच्या मागे, जिथे ब्रश जातच नाही तिथे गंज तसाच. आणि चकतीने गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं, कडा गोल होतात, कंपनीचे छाप पुसट होतात. मग कोणीतरी म्हटलं म्हणून ब्रॅकेट म्युरिॲटिक ॲसिडमध्ये (म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाकले. गंज गेला हो, वीस मिनिटांत गेला, पण गॅरेजचं दार थोडंच उघडं होतं आणि त्या वाफेने आठवड्याभरात भिंतीवरचे माझे नवेकोरे पाने आणि गोटी पान्याचा सगळा सेट तांबूस झाला. बंद जागेत ते ॲसिड आणूच नका, फुप्फुसांसाठी तर नाहीच नाही.

आई व्हिडिओ कॉलवर बघत होती, म्हणाली, "अरे, चिंच लाव की, आजी बंब घासायची तसं." आणि तिचं चूक नाही, चिंच काय, पितांबरी काय किंवा लिंबूसत्व काय, आम्लाने वरचा थर विरघळवायचा हे तत्त्व एकच आहे, मी लिंबूसत्व अजूनही छोट्या फुटकळ वस्तूंना वापरतो, स्वस्त पडतं. फक्त आम्ल गंज संपला की थांबत नाही, खालचं चांगलं लोखंडही खायला लागतं, त्यामुळे घड्याळ लावून बसावं लागतं.

इव्हॅपो-रस्ट इथेच वेगळं पडतं. ते पाण्यासारखं पातळ, वास जवळपास नाही, हाताला चुरचुरत नाही (मी तरी ग्लोव्हज घालतो). आतलं रसायन गंजातल्या लोखंडाला धरून ओढून काढतं, पण चांगल्या पोलादातलं लोखंड सोडवून घेण्याइतकी त्याची पकड नसते. त्यामुळे वस्तू टाकून झोपायला जाता येतं. घरात लहान मूल आहे, नोकरी आहे, गाडीसाठी रात्रीचा एक तास मिळतो, अशा माणसाला ही गोष्ट किती मोलाची आहे ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही.

माझा विश्वास बसला तो सीटच्या रेलवर. ड्रायव्हर सीट पुढेमागे हलतच नव्हती, रेल एकमेकांत गंजून एक झालेले. आधी डिशवॉशचा साबण आणि गरम पाण्याने जुनं ग्रीस काढलं, ही पायरी चुकवू नका, तेलकट जागेवर हे औषध काहीच करत नाही. मग लांबट प्लास्टिकच्या कुंडीत रेल पूर्ण बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं, तिसऱ्या दिवशी काळं. बाहेर काढून नळाखाली धरले आणि बोट फिरवलं तर काळी साय निघाल्यासारखा थर निघून गेला, खाली राखाडी, कोरडं, स्वच्छ पोलाद. खिट्टीचे दात एक एक मोजता येत होते. रेल हाताने ढकलला आणि तो सरकला, आतल्या गोळ्यांचा खर्रखर्र आवाज आला, आणि मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून तो कितीतरी वेळा पुढेमागे केला.

बोल्टचंही तसंच. या गाडीच्या बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला असतो, ७ वगैरे. गंजात तो दिसतच नव्हता, आणि कुठला बोल्ट सस्पेन्शनचा आणि कुठला साध्या ब्रॅकेटचा हे नवशिक्याला त्याशिवाय कळणार कसं. एक रात्र बुडवल्यावर आकडे परत वाचता आले. चकतीने घासले असते तर ते कायमचे गेले असते. मूळ वस्तू वाचवायची असेल तर बुडवणं हाच मार्ग, असं माझं आता पक्कं मत आहे.

(जाता जाता, या गाड्यांच्या चौफुली खाचेच्या स्क्रूंना साधा फिलिप्स लावू नका, ते जपानी मापाचे असतात, फिलिप्स वर सरकतो आणि खाच खराब होते. जपानी मापाचा ड्रायव्हर घ्या, माझ्याकडे व्हेसल या जपानी कंपनीचा आहे, पहिल्या झटक्यात सुटतात.)

सगळ्यात मोठं काम पेट्रोलच्या टाकीचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला गंज म्हणजे पंप आणि इंजेक्टर दोघांची वाट, पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो आणि टाकीतून येणारा कचरा आधी त्याच्याकडे जातो. टाकी साधारण ६५ लिटरची, म्हणजे पूर्ण भरायची तर १७ गॅलन औषध, ते परवडणारं नाही. मी पाच गॅलनची बादली घेतली. जुनं सडकं पेट्रोल काढून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर दिलं, टाकी उघड्यावर साबणाने पाच-सहा वेळा धुतली, सगळे पाइप रबरी बुचांनी बंद केले, औषध ओतलं आणि रोज संध्याकाळी टाकी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. सहा बाजू, सहा दिवस. वरची बाजू अजून थोडी डागाळलेली दिसली म्हणून ती आणखी दोन दिवस. आत साखळी किंवा नट टाकून हलवा असं बरेच सांगतात, पण या टाकीत आडवे पत्रे आहेत, गेलेली वस्तू बाहेर येता येत नाही, त्यामुळे मी ते केलं नाही. शेवटी धुवून लगेच हवा मारली, जुलैच्या चाळीस डिग्रीच्या उन्हात ठेवली आणि टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल आत फिरवलं. हे लगेच करायला लागतं, कारण उघडं पोलाद आहे, अर्ध्या तासात वरून पिवळसर झाक धरायला लागतं.

आता ज्या गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं त्या.

थंडी. जानेवारीत गॅरेजमध्ये १० डिग्री होतं, तीन दिवस ब्रॅकेट पडून राहिले आणि काहीच झालं नाही. डब्यावर स्पष्ट लिहिलंय की १८ डिग्रीच्या वर ठेवा, मी वाचलं नव्हतं. तीच बादली घरात वॉशिंग मशीनशेजारी आणली आणि रात्रीत काम झालं.

अर्धवट बुडवणं. एक बिजागरी बादलीत मावेना म्हणून उभी ठेवली, पाण्याच्या पातळीवर पोलादावर कायमची रेघ उमटली, ती पॉलिश पेपरनेही गेली नाही. रंगाखाली झाकली जाईल, पण पट्ट्याचं बक्कल, दाराचा स्ट्रायकर (ज्यात दाराची खिट्टी अडकते तो) असल्या दिसणाऱ्या वस्तूंना असं करू नका. मोठ्या, न मावणाऱ्या पत्र्याला जुना टॉवेल भिजवून गुंडाळा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म लावा, दर काही तासांनी परत भिजवा. चालतं, पण बुडवण्याची सर नाही.

रंग. साधा रंग शाबूत राहतो, पण रेड ऑक्साइड प्रायमर, तोच आपण खिडकीच्या गजांना मारतो तो, त्यात लोखंडाचाच ऑक्साइड असतो, त्यामुळे तो निघून येतो. स्प्रिंगसारखं कडक पोलाद काळपट पडतं. पोलाद कमजोर होत नाही, फक्त काळं दिसतं.

आणि प्लेटिंग. जपानी गाड्यांचे बोल्ट मूळचे सोनेरी पिवळ्या झिंकचे. गंज गेला की उरतो तो नागडा बोल्ट, त्याला परत प्लेटिंग करावंच लागतं. मी एका प्लेटिंगवाल्याकडे दोन किलो बोल्ट मोजून दिले, परत आले तेव्हा १४ कमी, आणि त्यांनी सांगितलं की प्लेटिंगच्या टाकीत पडले असतील. काम सुंदर होतं, पण तुम्ही देणार असाल तर आधी फोटो काढा, ट्रेमध्ये रांगेत लावून, आकड्यासकट.

खर्च. गॅलनला साधारण पंचवीस-तीस डॉलर, पाच गॅलनची बादली त्या मानाने स्वस्त. गाळून परत परत वापरता येतं. माझ्या पहिल्या बादलीत सगळे बोल्ट, बिजागऱ्या, रेल, हँडब्रेकचा दांडा आणि शेवटी टाकी, एवढं झालं आणि मग दोन दिवस ठेवूनही गंज हलेना, म्हणजे संपलं. टाकीतून आलेला पेट्रोलचा अंश असल्यामुळे ते ड्रेनमध्ये न टाकता कचरा केंद्रावरच दिलं.

अपग्रेडवाल्यांसाठी एक. मी पुढचे ब्रेक बदलले, ८० च्या आसपासच्या टोयोटा पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर या गाडीला बसतात, ही जुनी आणि आजमावलेली अदलाबदल आहे, डिस्कमागचं धुळीचं कव्हर तेवढं कापावं किंवा वाकवावं लागतं. कॅलिपर मात्र मी रिबिल्ट घेतले. कॅलिपरच्या आतल्या भागावर गंज काढायचे प्रयोग नवशिक्याने करू नयेत, तिथे जीव टांगलेला असतो. औषध वापरलं ते फक्त बाहेरच्या ब्रॅकेट आणि बोल्टवर. इंजेक्टरच्या वायरींचे जुने प्लगही सगळे नवीन घातले, पन्नास वर्षांचं प्लास्टिक हात लावताच तुटत होतं, आणि आतल्या पितळी पिनांवरचा हिरवा थर वेगळा, तो या औषधाचा विषय नाही. ते लोखंडाच्या गंजासाठी आहे.

पाचपैकी पाच देतो, फक्त थंड गॅरेजवाल्यांनी साडेचार समजावे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी टाकी परत वर चढवली, दोन पट्टे, चार नट, सगळे आकडे वाचता येणारे. नवीन फिल्टर लावून पंप चालवला आणि पारदर्शक नळीतून डब्यात पेट्रोल सोडलं. वीस मिनिटं बघत होतो. तळाशी एक कणही आला नाही. उजवीकडच्या सीटचा रेल आत्ता बादलीत आहे, परवा काढतो.