कम्युनिटी कॉलेजचा ऑनर्स प्रोग्रॅम: पदरात काय पडतं?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. 'मार्क कमी पडले का?' असं तोंडावर कुणी विचारत नाही, पाठीमागे विचारतातच. मी चाळिशीत, मुलं मार्गी लागल्यावर, कॅलिफोर्नियातल्या अशाच एका दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं आणि लवकरच तिथल्या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये शिरले. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

प्रवेशाला फार यातायात नाही. आमच्याकडे ३.० जीपीए (ग्रेड्सची चारपैकी सरासरी) आणि एक छोटा निबंध एवढंच मागतात. जादा फीसुद्धा नाही. राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे (विषयाचं वजन युनिटमध्ये मोजतात) ४६ डॉलर पडतात, ऑनर्सच्या वर्गालाही तेवढेच. विषय नेहमीचेच, फक्त वर्ग लहान आणि पर्यायांवर गोल भरायच्या परीक्षांऐवजी लिखाण भरपूर.

खरी मजा आली ती अमेरिकन इतिहासाच्या वर्गात. बाईंनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून अमेरिकन नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या भारतीयाच्या खटल्याचा १९२३ चा मूळ निकालच वाचायला दिला. तेव्हा नागरिकत्वाच्या कायद्यात 'गोरा' असण्याची अट आडवी यायची. काही महिन्यांपूर्वीच, ओझावा या जपानी माणसाला नागरिकत्व नाकारताना, सर्वोच्च न्यायालयाने 'गोरा म्हणजे कॉकेशियन' असं म्हटलं होतं. मग थिंड म्हणाले, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच की! तर त्याच न्यायमूर्ती सदरलँडनी शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल दिला. थिंड यांच्या वकिलाचं नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले: सखाराम गणेश पंडित. मग टर्म पेपर त्यांच्यावरच केला. या निकालानंतर सरकारने खुद्द पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा घाट घातला. ते स्वतःच्या खटल्यात उभे राहिले आणि १९२६ साली अपील न्यायालयात जिंकले. माझ्या पहिल्या मसुद्यावर बाईंनी समासात लिहिलं होतं, 'हे तुम्हाला कुठून कळलं?' आणि तेही जवळजवळ प्रत्येक परिच्छेदापुढे. साध्या, म्हणजे बिगर-ऑनर्स सेक्शनमध्ये (तुकडीत) चाळीस जणांच्या वह्या तपासताना हे कुणाला जमणार?

आता ट्रान्सफरचं, म्हणजे इथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याचं. बहुतेक पालक यासाठीच चौकशी करतात. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसांत ठरावीक अटी पाळल्या की प्रवेशाची हमी मिळते, तिला टॅग म्हणतात. यूसीचंच लॉस एंजेलिसमधलं कॅम्पस यूसीएलए त्यात नाही. पण कॉलेजचा ऑनर्स प्रोग्रॅम यूसीएलएच्या 'टॅप' या ट्रान्सफर योजनेशी जोडलेला असेल आणि तुम्ही तो पुरा केलात, तर तिथे अर्जाचा प्राधान्याने विचार होतो, वर पर्यायी मेजरही (मुख्य विषय) देता येतो. हमी मात्र नाही. आणि हे नीट वाचा: ही सवलत तिथल्या लेटर्स अँड सायन्स या विभागापुरती आहे, इंजिनिअरिंगला नाही. कॉम्प्युटर सायन्स तिथे इंजिनिअरिंगमध्येच मोडतं. त्यामुळे 'टॅप आहे, आता सीएस पक्कं' अशा भ्रमात मुलाला ठेवू नका.

आणखी एक घोळ नेहमी होतो. फाय थीटा कप्पाचं पत्र घरी आलं की लोकांना वाटतं, ऑनर्सला निवड झाली. ती १९१८ पासून चालत आलेली ऑनर सोसायटी आहे. चांगले ग्रेड्स असले की बोलावतात, फी भरून सभासद व्हायचं. तिच्या स्कॉलरशिपा चांगल्या आहेत, जरूर व्हा. पण ऑनर्सचे वर्ग हे वेगळं प्रकरण.

तक्रार एकच, पण मोठी. कॅटलॉगमध्ये ऑनर्सचे विषय ढीगभर दिसतात, प्रत्यक्षात नावं कमी आली की सेक्शन रद्द. माझा स्टॅटिस्टिक्सचा वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात गेला, आणि साधे सेक्शन तोवर भरलेले. संध्याकाळी ऑनर्सचं जवळपास काहीच नसतं, म्हणजे नोकरी करणाऱ्याने काय करायचं? यावर 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट' असा तोडगा सांगतात: साध्याच वर्गात बसायचं आणि प्राध्यापकांशी ठरवून एक जादा प्रोजेक्ट करायचा. पण तासिकेवर येणाऱ्या प्राध्यापकांना त्या कामाचे वेगळे पैसे आमच्याकडे मिळत नाहीत. ते का हो म्हणतील? एकांनी मला अगदी सौजन्याने नकार दिला आणि मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो ऑफिसचा. 'दुसरे प्राध्यापक शोधा' म्हणून मोकळे झाले.

काउन्सेलर मात्र लाख. ऑनर्सवाल्यांसाठी त्या वेगळ्या असतात, दर भेटीला माणूस बदलत नाही आणि नोव्हेंबरात यूसीच्या अर्जाची घाई उडाली तरी त्यांच्याकडे वेळ मिळतो.

पाचपैकी चार तारे. नाव घालण्याआधी ऑफिसात जाऊन एवढंच विचारा: गेल्या दोन वर्षांत ऑनर्सचे कोणते सेक्शन खरोखर चालले, आणि किती वाजता? यादी द्यायला खळखळ करायला लागले, तर समजून घ्या.